व्हायोलिनसाठी कोणता पिकअप निवडावा?

प्रश्न : मी हिंदुस्तानी पद्धतीने, बसून व्हायोलिन वाजवते आणि आमच्या भागात भजन व सुगम संगीताच्या कार्यक्रमांना साथ करते. समोर माइक ठेवला की त्यात तबला शिरतो आणि आवाज थोडा वाढवला तरी शिट्टी वाजू लागते. व्हायोलिन वडिलांचे आहे. त्याला भोक पाडायचे नाही. कोणता पिकअप घ्यावा?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, कडेच्या खाचेत बसणारा पिझो पिकअप आपल्याला योग्य ठरेल. फिशमन कंपनीचा व्ही-२०० हा याच प्रकारातला आहे. मात्र सोबत प्रीअँप (पिकअपचा नाजूक संकेत मिक्सरला योग्य करून देणारी, दोघांच्या मध्ये जोडायची छोटी पेटी) घेणे शक्य नसेल, तर पिकअपवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिझो हवेतला आवाज टिपत नाही. तो घोडीच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो, म्हणून शेजारचा तबला त्यात फारसा येत नाही. पण या संकेतासाठी १ मेगाओहम किंवा त्याहून अधिक रोधाचा इनपुट लागतो. मंडपवाल्यांच्या मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० किलोओहमचा असतो, आणि पिकअपची वायर थेट त्यात जोडली की खर्ज गळून जातो व आवाज पातळ, कर्कश होतो. पुष्कळ वादक याचा दोष पिकअपला देतात, अधिक महाग पिकअप आणतात आणि तोही तसाच वाजतो, याचे फार वाईट वाटते. प्रीअँप जवळच ठेवावा, म्हणजे पिकअपपासूनची वायर आखूड राहते. पुढे मिक्सरपर्यंतची वायर लांब असली तरी चालते.

वाद्याला धक्का लागेल ही आपली काळजी रास्त आहे. घोडी चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते. म्हणून वडिलांच्या वेळची घोडी जपून ठेवावी आणि पिकअपसाठी जाणकार कारागिराकडून दुसरी बसवून घ्यावी. पिकअपची पट्टी खाचेत सैल राहिली तर खडखड येते, बळेच कोंबली तर घोडीची कड मोडते. घोडी बदलताना सर्व तारा एकदम सैल करू नयेत, नाहीतर आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोकळीत केवळ दाबाने उभी असलेली लाकडी काडी, पडू शकतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात खुंट्या घसरतात, आणि तारा पुनःपुन्हा चढवताना घोडी पुढे झुकते. तेव्हा कार्यक्रमापूर्वी तिचे दोन्ही पाय पूर्ण टेकले आहेत ना, हे पाहावे. वायरचे सॉकेट वाद्याच्या कडेला चिमट्याने बसते. ते छातीला रुतत नाही ना, हे दुकानातच मांडी घालून वाजवून ठरवावे.

घोडीच्या पायाखाली बसणारे पिकअपही मिळतात व त्यांचा आवाज अधिक लाकडी असतो; पण ते बसवले की घोडीची उंची किंचित बदलते, म्हणून आपल्याला ते सुचवत नाही. डीपीए ४०९९ सारखा क्लिपचा माइक व्हायोलिनचा खरा नाद सर्वांत चांगला देतो. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरीतूनच येणारी वीज) लागतो आणि मंडपातल्या मोठ्या आवाजात तोही शिट्टी देतो. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहात एकल वादनाची संधी आली, तर त्याचा जरूर विचार करावा.

पिझोमध्ये गजाची खरखर अधिक उठून येते. प्रीअँपवर २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडा उतरवला की ती निवते. तरीही घुमल्यासारखे वाटले, तर २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचा तेवढाच अरुंद पट्टा उतरवावा, कारण व्हायोलिनच्या पोकळीतली हवा तिथेच घुमते.