दीड फूट रुंदीच्या फळीवर मॉडेल रेल्वेची ब्रँच लाइन (मुख्य मार्गातून फुटलेला छोटा फाटा) बसेल का?

बसेल की! सांगलीकराने विषय शोधत बसायचं कशाला, आपली जुनी मिरज-पंढरपूर नॅरोगेज घ्या. खरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात पावणेनऊ होतो, त्यामुळे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा एन-गेज रूळ चालून जातो. एका टोकाला ढालगावसारखं छोटं स्टेशन करा (लाइन तिथे संपत नव्हती, तुम्ही संपवा, कोण विचारतंय!), दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या उभ्या करायला तीन सुटे रूळ, तेच मिरज.

खरी गंमत स्टेशनच्या लूपमध्ये (मुख्य रुळाला दोन्ही टोकांना जोडलेला बाजूचा रूळ): इंजिन सोडवायचं, लूपमधून काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडायचं. लूप तीन डब्यांपुरताच ठेवा, लांब केलात की शंटिंगला (इंजिन-डबे पुढेमागे हलवायला) डोकं लागत नाही. रूळ मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत चला. धूळ बसली की इंजिन अडखळलंच.