गेमिंग माउसच्या जादा बटणांना कुठली कामं द्यावीत?

नमस्कार. तुम्ही मित्राकडून अकरा बटणांचा जुना माउस घेतलात. म्हापशाला घरी लावलेली बटणं मडगावला दुसऱ्याच्या पीसीवर चालली नाहीत. कुठल्या बटणावर काय ठेवावं ते ठरत नाही, आणि काउंटर-स्ट्राइक २ या बंदुकांच्या ऑनलाइन खेळात मॅक्रो (एका दाबण्यात आपोआप अनेक की) वापरला तर बंदी येईल का, अशी भीती आहे. मी फोंड्याला राहतो, नाटकं आणि भजनं यांचं व्हिडिओ एडिटिंग करतो आणि रात्री थोडं खेळतो. दोन्हीला माउस एकच, लॉजिटेकचा जी५०२. तुमच्या वर्णनावरून तुमचाही तोच दिसतो.

आधी मडगावचं कोडं सोडवू, कारण ते समजलं की बाकीचं सोपं होतं. विंडोज मुळात माउसची पाचच बटणं ओळखतं: डावं, उजवं, चाकाचं मधलं आणि अंगठ्याजवळची दोन, जी ब्राउझरात मागं-पुढं नेतात. सहावं किंवा नववं बटण अशी गोष्ट विंडोजच्या लेखी नाहीच. म्हणून उरलेल्या बटणांना मध्ये एक दुभाषी लागतो, जो ‘हे बटण म्हणजे कीबोर्डवरची अमुक की’ असं सांगतो. हा दुभाषी पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये बसतो किंवा खुद्द माउसच्या मेमरीत. तुमचा सॉफ्टवेअरमध्ये बसलेला होता, तो म्हापशालाच राहिला.

लॉजिटेकचं सॉफ्टवेअर म्हणजे जी हब. त्यात माउसच्या सेटिंगमध्ये ‘ऑनबोर्ड मेमरी मोड’ असतो. तो चालू करा आणि तुमचं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या बटणाला काय काम ही मांडणी, एका जागेत साठवा. जी५०२ मध्ये मॉडेलनुसार अशा तीन किंवा पाच जागा असतात. मग जी हब पूर्ण बंद करून घरीच प्रत्येक बटण दाबून बघा. तिथं चाललं तर मडगावलाही चालेल. या मोडमध्ये एक सोय मात्र जाते: एरवी समोर कुठला प्रोग्रॅम उघडा आहे ते पाहून सॉफ्टवेअर आपोआप प्रोफाइल बदलतं, माउसच्या मेमरीला ते कळत नाही, त्यामुळे प्रोफाइल बदलायला एक बटण राखून ठेवावं लागतं. लिनक्सवाल्यांसाठी जी हब नाही, पण पायपर नावाचा छोटा प्रोग्रॅम हेच काम छान करतो.

जुना माउस घेतलाय म्हणून एक चाचणी सांगतो, ती खरंच करा. मुख्य दोन क्लिक सोडून प्रत्येक बटणाला तात्पुरता एकेक आकडा द्या, नोटपॅड उघडा आणि बटणं एकेकदा दाबा. आकडा उमटलाच नाही तर बटण गेलेलं आहे. एकदा दाबून दोनदा उमटला तर आतला स्विच थरथरतो. आपल्याकडच्या दमट हवेत चार पावसाळे काढलेल्या माउसमध्ये हे दिसलं तर नवल नाही, कारण धातूच्या संपर्कावर थर चढतो. अशा बटणावर महत्त्वाचं काही ठेवू नका. आणि चाकामागचं, चाक मोकळं सोडणारं बटण या चाचणीत काहीच उमटवणार नाही. ते निव्वळ यांत्रिक आहे, त्याला दुसरं काम देता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. बरेच जण सॉफ्टवेअर उघडतात, अकरा रिकाम्या चौकटी बघतात आणि त्या भरायला बसतात. तुम्हीही तेच केलंत असं प्रश्नावरून वाटतं. माझं म्हणणं आहे की बटणाकडे नाही, डाव्या हाताकडे बघा. खेळताना डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या चालण्याच्या कींवर असतो. तो तिथून कधी उठतो? जेव्हा उठतो त्या क्षणी तुम्ही चालायचे थांबता किंवा एका दिशेचं चालणं हातातून जातं. त्याच की उजव्या हाताकडे आल्या पाहिजेत, बाकीच्या नाहीत. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मूळ मांडणीत फ्लॅश (डोळे दिपवणारा बाँब) ७ वर आणि स्मोक (धुराचा बाँब) ८ वर असतो. तिथं पोचायला डावा हात वर सरकवावाच लागतो. एवढी दोनच कामं अंगठ्याच्या दोन बटणांवर ठेवा आणि आठवडाभर दुसरं काही करू नका. यासाठी सॉफ्टवेअरही लागत नाही. ती पाच बटणांतलीच दोन आहेत, खेळाच्या सेटिंगमध्ये थेट बसतात. हात बसला की तिसरं.

तिसरं म्हणून बोलायचं बटण घ्या, म्हणजे दाबून धरलं की माइक चालू. अंगठा दाबून धरायला चांगला, नेम धरून झटक्यात दाबायला वाईट. करून बघा: अंगठ्याचं बटण जोरात दाबलं की माउस केसभर बाजूला सरकतो. म्हणून गोळी सुटतानाच ज्याची गरज पडते असं काही अंगठ्यावर नको. तर्जनीच्या कडेला जी दोन छोटी बटणं आहेत, तिथं हत्यार बदलणं चालेल.

डीपीआय, म्हणजे हात हलवल्यावर पॉइंटर किती पळतो ते, कमी करणारं ‘स्नायपर’ बटण पुष्कळांना आवडतं. मी ते खेळात काढून टाकलं. हाताला एका वेगाची सवय झालेली असते, अर्ध्या सेकंदासाठी तो वेग बदलला की नेम सुधारण्याऐवजी ढळतो, निदान माझा. एडिटिंगमध्ये मात्र ते बटण दाबून मी आवाजाच्या रेषेवरचे बिंदू अगदी बारीक सरकवतो, तिथं ते सोन्यासारखं आहे.

चाक डावीकडे-उजवीकडे कलतं, तीही दोन बटणंच. तिथं फक्त निरुपद्रवी काम ठेवा. वास्कोच्या दामोदर सप्ताहाला चोवीस तास अखंड भजन चालतं, तिथल्या एका पथकाच्या साखळी भजनाचं चित्रण माझ्याकडे एडिटिंगला आलं होतं. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये क्यू दाबलं की मागच्या कटपासून टाइमलाइनवरच्या उभ्या रेघेपर्यंतचा तुकडा कापला जातो आणि पुढचं सगळं मागं सरकतं. मोठं सोयीचं. ते मी चाकाच्या डाव्या कलावर ठेवलं. टाइमलाइन बघत चाक फिरवताना बोट जरासं कललं आणि अभंगाचं एक कडवं कापलं गेलं. पुढचं सगळं सरकून जोडलं गेल्यामुळे कुठं रिकामी जागाही दिसली नाही. पथकातल्या बुवांनी ऐकल्याबरोबर ओळखलं. गाणाऱ्याच्या कानाला ते कडवं नसणं खुपलं, माझ्या डोळ्याला नाही. त्या दिवसापासून काहीही कापणारं, पुसणारं किंवा बंद करणारं काम चाकावर नाही. क्यू अंगठ्याच्या पुढच्या बटणावर गेलं, मागच्यावर कंट्रोल-के, म्हणजे नुसता कट. तासन्‌तास तेच दोन कट मारायचे असतात तेव्हा डाव्या मनगटाला जो आराम पडला, त्यासाठीच मी हे सगळं इतक्या आग्रहानं सांगतोय.

दोन हातांत काम वाटून घ्यायची ही कल्पना माउसइतकीच जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला, तेव्हा उजव्या हातात तीन बटणांचा माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची पट्टी. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

तुम्ही मराठीतही टाइप करत असाल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो, कारण बाहेरची मार्गदर्शनं याबद्दल बोलत नाहीत. माउस अक्षर पाठवत नाही, कीचा क्रमांक पाठवतो. त्या कीचं अक्षर काय करायचं ते चालू असलेली कीबोर्ड मांडणी ठरवते. समजा एका बटणावर तुम्ही इंग्रजी ‘जीजी’ (‘गुड गेम’) टाइप करणारा मॅक्रो ठेवलात आणि इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्ड मांडणी चालू राहिली, तर चॅटमध्ये दोन नुसते पहिले उकार उमटतील. माझ्या मते यावरचा उपाय हाच एका बटणाचा सर्वांत चांगला उपयोग आहे: विंडोज-स्पेस, म्हणजे भाषा बदलणं, माउसवर ठेवा. मी नाटकाच्या श्रेयनामावलीत मराठी नावं आणि इंग्रजी फाइलनावं यांच्यामध्ये दिवसभर ये-जा करतो. ते बटण काढून घेतलं तर मी अडखळेन.

जी शिफ्ट, म्हणजे एक बटण दाबून धरलं की बाकीच्यांना दुसरं काम, हे आत्ता नको. रेझर कंपनीच्या माउसमध्ये यालाच हायपरशिफ्ट म्हणतात. पहिली पाच कामं न बघता जमायला लागल्यावर बघा.

राहिली बंदीची भीती. एक बटण म्हणजे एक की, एवढंच केलं तर काळजीचं कारण नाही. हे फक्त की हलवणं आहे. मॅक्रो म्हणजे एका दाबण्यात अनेक की क्रमानं, ठरलेल्या वेळेनं. खेळाच्या बाबतीत प्रश्न तिथं येतो. हा खेळ बनवणाऱ्या वाल्व कंपनीनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक २ साठी जाहीर केलं की स्वयंचलित इनपुट वापरणारा खेळाडू त्यांच्या अधिकृत सर्व्हरवर आढळला तर त्याला सामन्यातून बाहेर काढलं जाईल. एकापेक्षा जास्त हालचाली किंवा हल्ले एकाच कीला बांधणंही त्यांनी तेव्हाच मर्यादित केलं. त्यामुळे बंदुकीचा धक्का आपोआप खाली ओढणारे मॅक्रो, उडी मारून फेकायचे मॅक्रो, हे काहीही ठेवू नका. समोरच्यानं महिनोन्‌महिने सराव करून कमावलेली गोष्ट माउसकडून करून घेणं मला व्यक्तिशः पटतही नाही.

एकट्यानं खेळायच्या खेळात किंवा एडिटिंगमध्ये मॅक्रो खुशाल वापरा. फक्त दोन कींमध्ये ३० ते ५० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. सेकंदाला ६० फ्रेम चालत असतील तर एक फ्रेम जवळजवळ १७ मिलिसेकंदांची असते. की त्याहून लवकर दाबून सोडली गेली, तर खेळ कधी ती पाहतो, कधी पाहत नाही, आणि आपण उगाच माउसला दोष देत बसतो.

मेमरी मोडचं जमलं नाही तर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि माउसच्या पोटावरचा मॉडेल क्रमांक इथंच लिहा. मी रात्री नऊनंतर बघतो.