नागपूरहून स्पॅनिश शिकायला स्पेनला जातेय. स्थानिक कुटुंबात राहू की होस्टेलवर? मी शाकाहारी आहे.

कुटुंबातच राहा. व्याकरण वर्गात शिकाल, पण बोलायची भीड चेपते ती घरच्या जेवणाच्या टेबलावरच. भारतीय मुलींसोबत फ्लॅट घेतला तर दिवसभर मराठी-हिंदीच चालेल.

जेवणाचं मात्र आधीच लेखी कळवा. ‘मांस खात नाही’ एवढ्याने भागत नाही. तिथे मसुराच्या रश्श्यातही चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज घालतात, सॅलडमध्ये ट्यूना मासा असतो. हॅम, मासे, अंडी, प्रत्येकाचं वेगळं सांगा. अंडी चालत असतील तर बरंच सोपं जाईल, कारण बटाट्याचं जाड ऑम्लेट घरोघरी होतं. रात्रीचं जेवण नऊनंतरच, त्यामुळे संध्याकाळसाठी इथूनच चिवडा न्या.

शहर म्हणाल तर मी सलामांका सुचवेन. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांनी गजबजलेलं गाव. बार्सिलोना सुंदरच आहे, पण तिथल्या बऱ्याच घरांत आपसात कातालान भाषा बोलतात.

अभ्यासक्रम ९० दिवसांहून मोठा असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा अल्पमुदतीचा व्हिसा, चालत नाही, विद्यार्थी व्हिसा लागतो. आणि निघण्याआधी नागपुरात स्पॅनिशची ए-वन (A1), म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी तरी पूर्ण करा, म्हणजे पहिल्या दिवसापासून घरच्यांशी चार वाक्यं बोलता येतील.