पाइप साडेतीन किलोमीटर आत, मग वास कशाचा?

प्रश्न : ताई, मी वरळीला राहते. आमच्याकडचं सांडपाणी म्हणे पाइपातून समुद्रात पार आत नेऊन सोडतात, मग ओहोटीला फिरायला गेलं की नाकाला पदर का लावावा लागतो? आणि एवढा मोठा समुद्र पडलाय तर प्रक्रिया केंद्रांवर हजारो कोटी कशाला घालायचे असं आमच्या ह्यांचं म्हणणं.
– एक वाचक, वरळी

उत्तर : पाइपाचं खरंय. वरळी आणि वांद्र्याहून समुद्राच्या तळाखालून साधारण साडेतीन किलोमीटर आत बोगदे गेलेत. पण तुम्हाला जो वास येतो तो बहुतेक त्या पाण्याचा नाहीच, तो नाल्याचा! मुंबईत गटाराची लाइन वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी, निदान कागदावर तरी, पण ज्या वस्त्यांना गटाराची लाइनच नाही त्यांचं सगळं पावसाळी नाल्यात जातं आणि नाला सरळ किनाऱ्याला. ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी गाळ उघडा पडतो, त्या गाळात ऑक्सिजन नसतो म्हणून सडक्या अंड्यासारखा गॅस सुटतो, तोच तुमच्या नाकात.

आता तुमच्या ह्यांचं. अगदीच चूक नाहीये त्यांचं, उघड्या समुद्रात पाणी पातळ होतं, ऊन आणि खारेपणामुळे जंतूही मरतात, याच भरवशावर वरळी-वांद्र्याला इतकी वर्षं फक्त जाळीने कचरा अडवायचा, रेती खाली बसू द्यायची आणि पाणी आत सोडायचं असं चाललं. पण लांब नेलं म्हणजे साफ झालं असं नाही ना. घाण खाणारे जिवाणू खाताना पाण्यातला ऑक्सिजनही संपवतात, मग मासळी जगणार कशावर? केंद्रात हेच खाणं टाकीत हवा सोडून आधीच उरकून घेतात, जिवाणूंचा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी बाहेर जातं. एवढंच आहे, जादू नाही.

आणि सगळी मुंबई काही उघड्या समुद्रावर नाही. भांडुप-घाटकोपरचं पाणी ठाणे खाडीकडे, मालाडचं मालाडच्या खाडीत. खाडी म्हणजे चिंचोळी, आलेली घाण भरतीबरोबर परत मागे येते. (ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना मात्र सांडपाण्यावर वाढणारं शेवाळ आवडतं, त्यांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं.) म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर, मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर. माझं मत विचाराल तर केंद्रं हवीतच, पण नाल्यात जाणारं पाणी लाइनीत वळवल्याशिवाय तुमचा पदर काही सुटायचा नाही.

प्रश्न : मग खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं खायची की नाही?
– एक खवय्या, ठाणे

उत्तर : अहो, ही मंडळी पाणी गाळून पोट भरतात, म्हणजे पाण्यातले जंतू त्यांच्या पोटात आणि तिथून तुमच्या. नीट शिजवा, शिंपलं उघडलं की लगेच उतरवू नका, अजून थोडं उकळू द्या. कच्चं कालवं लिंबू पिळून खायची हौस खाडीच्या मालावर नको. आणि नाल्याच्या तोंडाशी काढलेली असतील तर शिजवूनसुद्धा नको, उकळल्यावर जंतू मरतात पण जड धातू तसेच राहतात.