शून्य टक्के बॅलन्स ट्रान्सफरचे पैसे एफडीत ठेवून व्याज कमवता येतं का?

तुम्हाला कार्डावर सहा महिन्यांसाठी शून्य टक्के बॅलन्स ट्रान्सफरची (म्हणजे एका क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याची) ऑफर आली आहे आणि एक लाख उचलून एफडीत टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी मलाही अशीच ऑफर आली होती. कोथरूडच्या घरी एका रविवारी वही घेऊन बसले, सगळा हिशेब मांडला आणि नाद सोडला. तोच हिशेब इथे देते.

ही युक्ती मुळात अमेरिका-इंग्लंडकडची. माझा मामेभाऊ 2006 मध्ये न्यू जर्सीत होता, त्याने ती करून पाहिली. तेव्हा तिथे ऑनलाइन बचत खात्यावर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं आणि त्याच्या कार्डाची ट्रान्सफर फी कितीही रक्कम घेतली तरी 75 डॉलरवर थांबायची. दहा हजार डॉलर खात्यात ठेवायचे, दरमहा फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरावी लागणारी रक्कम, भरायचा, मुदत संपायच्या आत सगळं फेडायचं. फी आणि भरलेल्या रकमेवरचं बुडालेलं व्याज वजा जाता वर्षाला साडेतीनशे-चारशे डॉलर सुटायचे. 2008 च्या अखेरीस तिथले व्याजदर जवळजवळ शून्यावर आले आणि त्यातली गंमतच गेली.

आपल्याकडे गाडी दुसऱ्याच ठिकाणी अडते. एक तर बॅलन्स ट्रान्सफरचे पैसे सहसा तुमच्या हातात येत नाहीत, ते तुमच्या दुसऱ्या कार्डाच्या थकबाकीत जमा होतात. म्हणजे आधी त्या कार्डावर एक लाखाचा खरा खर्च हवा आणि तेवढी रोकड तुमच्याकडे शिल्लक हवी. दुसरं म्हणजे ईएमआय, आणि बहुतेकांच्या हिशेबात हाच सुटतो. सहा महिने शून्य टक्के याचा अर्थ लाख रुपये सहा महिने तुमच्याकडे राहतील असा नाही. दरमहा 16,667 परत जातात. पहिल्या महिन्यात लाख, दुसऱ्यात 83 हजार, शेवटच्या महिन्यात जेमतेम 17 हजार. सहा टक्के व्याज धरलं तरी हातात येतात 1,750 रुपये. पूर्ण लाखावरचे 3,000 नव्हेत. शिवाय दरमहा पैसे काढायचे, तर एफडी मोडायचा दंड वेगळा.

आता फी. मला दोन टक्के सांगितली होती. 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360. इथेच 610 रुपयांचा तोटा झाला, आणि एफडीच्या व्याजावरचा आयकर अजून धरलेलाच नाही.

जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवू, असं कोणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही. आणि विमा असूनही काय ओढाताण होते, ते पुणेकरांनी रुपी बँकेत पाहिलंय: 2013 पासून निर्बंध, 2022 मध्ये परवाना रद्द. उसन्या पैशाने तर असला धोका मुळीच घेऊ नये.

माझं काळीज तुटतं ते वेगळ्याच गोष्टीने. ट्रान्सफर घेतलेल्या कार्डावर लोक दिवाळीची खरेदी स्वाइप करतात. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर बऱ्याच कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. ट्रान्सफर घेतलीच, तर ते कार्ड कपाटात ठेवा.

मात्र तुमच्या दुसऱ्या कार्डावर खरोखरच लाखाची थकबाकी तुंबली असेल, तर ही ऑफर आजच घ्या. तिथे महिन्याला 3,500 व्याज आणि त्यावर 630 जीएसटी जातोय. एका महिन्याचे हे 4,130 आणि इथली एकदाच द्यायची फी 2,360. फक्त घेण्याआधी कस्टमर केअरकडून फी, हप्त्याची तारीख आणि हप्ता चुकला तर लागणारा दर, एवढं ईमेलवर लिहून मागवा.