वर्ग सुधारण्यासाठी मुलांचे गट कसे पाडावेत?

तुम्ही विचारलंय, पत्र्याच्या खोलीतला सातवीचा वर्ग मुलांच्या गटांकडून सुधारून घ्यायचा, तर सुरुवात कुठून करावी. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, त्यामुळे ही खोली माझ्या ओळखीची आहे.

माझं म्हणणं, गटाला काम देऊ नका, अडचण द्या. ‘केर काढा’ ही नुसती पाळी झाली. ‘कडेच्या बाकांवरून फळा का दिसत नाही’ असं विचारलं की पोरं डोकं लावतात. आमच्याकडे खिडकीच्या उजेडानं फळा चकाकायचा. त्या गटानं एकेका बाकावर बसून पाहिलं आणि जिथून अक्षरं दिसत नव्हती तिथं फरशीवर खडूनं फुल्या मारल्या. दुपारी पुन्हा बसले, तर फुल्यांच्या जागा बदललेल्या! मग कोणत्या तासाला कोणतं झडप लोटायचं हे त्यांनीच ठरवलं. खर्च शून्य.

दुसरी अडचण उकाड्याची. थर्मामीटर विज्ञानाच्या पेटीतला घ्या. तापाचा चालत नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो. पत्र्याखाली, बाकाच्या उंचीवर आणि बाहेर झाडाच्या सावलीत, रोज ठरल्या वेळी मोजायला लावा. पत्र्याला वरून पांढरा चुना दिला की बरंचसं ऊन परत फेकलं जातं, आणि किती फरक पडला हे मुलांच्याच तक्त्यात दिसतं. वर चढायचं ते मोठ्यांनीच, मुलांना अजिबात चढू देऊ नका. चुन्याचे पैसे मागायला मात्र मुलांनाच तक्ता घेऊन शाळा व्यवस्थापन समितीपुढं उभं करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान पाऊण सदस्य पालक असतात. स्वतःची लेक आकडे वाचून दाखवते तेव्हा बाप मन लावून ऐकतो, हे मी पाहिलंय.

आता आपल्या भागातली खरी अडचण. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गटातली पोरं आईबापाबरोबर जातात. म्हणून गट पाच-सहा जणांचा ठेवा, म्हणजे मधे मोडत नाही. प्रत्येक गटाला एक वही द्या. काय मोजलं, काय ठरलं, कुणी केलं, सगळं त्यात. गेलेल्या पोराचं नाव खोडू नका. हंगाम संपवून आलं की आधी ती वही त्याच्या हातात द्या आणि पुढची नोंद त्यालाच करू द्या. चार-सहा महिने बाहेर राहिलेलं पोर वर्गात बुजतं, अशा वेळी त्याचं काम त्याची वाट बघत असलं पाहिजे.

गट मैत्रीवर पाडू नका, हुशारीवरही नको. मिसळून पाडा. आणि झाडू कुणाच्या हातात जातोय यावर लक्ष ठेवा. न सांगताच तो मुलींकडे जातो आणि थर्मामीटर मुलांकडे. आलटून पालटून पाळी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा, एकदा सवय पडली की मोडायला जड जातं.