लहान गावात राहून ऑनलाइन व्यावसायिक ओळख उभी करता येते का?

आपण पारोळ्यात माती परीक्षण आणि ठिबक सिंचनाचा सल्ला देता, आणि आपण असे विचारले आहे की ऑनलाइन नाव करायचे तर लिंक्डइन निवडावे की इन्स्टाग्राम, किती फॉलोअर्स झाल्यावर काम मिळू लागते, आणि त्यासाठी आधी पुण्याला किंवा नाशिकला जाऊन बसावे लागेल का. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: मुळीच नाही. हा प्रश्न मला झोंबला, कारण पुण्यात मार्केटिंगमध्ये असलेले आमचे साडू प्रत्येक लग्नकार्यात मला हेच ऐकवतात की प्रोफाइलवरून ‘रावेर’ हे जळगाव जिल्ह्यातले आमचे ठिकाण काढा, कोट घालून फोटो काढा, म्हणजे मोठी माणसे विचारतील.

मी केळीचा सल्लागार आहे. माझ्या फोटोत सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत आणि ते तसेच राहतील. उत्तरेकडचा व्यापारी केळीचा भाव विचारताना रावेर आणि बऱ्हाणपूरचे नाव घेतो, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मग ज्या मुलखाच्या नावावर माल विकला जातो, ते नाव त्याच मालाचा सल्ला देणाऱ्याने का लपवावे, हे साडूंना आजवर समजावून सांगता आलेले नाही.

मला काम कशामुळे मिळू लागले, ते सांगतो. एका पावसाळ्यात आमच्याकडे मृगबागेवर (जून-जुलैत लावलेल्या केळीवर) सीएमव्ही, म्हणजे आपण ज्याला हरण्या म्हणतो तो रोग, फार जोरात आला. कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे दिसू लागले, पाने आकसली आणि काही बागांत पोंगे (मधली न उलगडलेली पाने) सडू लागले. हा रोग विषाणूजन्य आहे आणि लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही. मावा हा विषाणू रोगट पानातून काही सेकंदांत उचलतो आणि तितक्याच झटपट पुढच्या झाडाला देतो, त्यामुळे नुसत्या फवारणीने तो थांबत नाही. रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करणे, बागेतील आणि बांधावरील तण काढणे, आणि केळीत किंवा लगत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची ही पिके न घेणे, एवढेच शेतकऱ्याच्या हातात उरते. तरीही तालुक्यातील एक दुकानदार ‘हरण्यावर खात्रीशीर’ म्हणून एक बाटली विकत होता, आणि माझ्या व्हिडिओत तिचे नाव आले तर आपले जमून जाईल, असा त्याचा निरोप मला आला होता.

मी ओळखीच्या एका नानांच्या बागेत उभा राहिलो, गाव आणि तारीख सांगितली, रोगट झाडे दाखवली आणि यावर औषध नाही, झाड उपटा, बाटलीवर पैसे घालू नका, असे बोललो. दुकानदाराच्या मित्रांनी मला दोन-तीन व्हॉट्सअॅप गटांतून काढले. माझे नाव कापून तोच व्हिडिओ दुसऱ्या कोणी स्वतःच्या नावाने फिरवला. साडूंचा फोन आला की लोकांना झाडे उपटायला सांगणाऱ्या, नकारात्मक बोलणाऱ्या माणसाचा ब्रँड होत नाही. मी मात्र त्याच बागेत पुन्हापुन्हा जाऊन, किती झाडे गेली, कुठे नांग्या भरल्या (गेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपे लावली), उरलेल्या बागेचे घड कसे निघाले, हे कापणी होईपर्यंत दाखवत राहिलो. पुढे आखाती देशांत केळी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमधून (माल निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रातून) विचारणा आली. त्यांनी फॉलोअर्स किती हे विचारले नाही. ‘त्या बागेचे शेवटी काय झाले, ते आम्ही पाहिले,’ एवढेच म्हणाले आणि त्यांच्या शेतकऱ्यांच्या बागा पाहण्याचे काम दिले. साडूंच्या मते हा योगायोग होता. रोज सकाळी सुविचार टाकणाऱ्या त्यांच्या एकाही शिष्याला असा योगायोग घडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता आपल्या निवडीविषयी. शेतकरी यूट्यूब आणि व्हॉट्सअॅपवर आहे. कंपन्या, निर्यातदार आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापक लिंक्डइनवर सापडतात. इन्स्टाग्रामवर वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉट्सअॅपचे स्टेटस 24 तासांत नाहीसे होते, यूट्यूबवरचा व्हिडिओ मात्र पुढच्या हंगामातही शोधला जातो, म्हणून मूळ काम तिथे ठेवावे. नाव, गाव आणि तारीख चित्रावरच, मध्यभागी, कापता येणार नाही अशा जागी लिहावी. लिंक्डइनवरील परिचयात एक परिच्छेद इंग्रजीत असावा, हे साडूंचे म्हणणे मला मान्य आहे, कारण निर्यातदाराचा माणूस मराठी वाचेलच असे नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. मोबदला घेऊन एखाद्या उत्पादनाविषयी बोलणार असाल तर तसे स्पष्ट सांगा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यात झळकणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कीडनाशकाचे नाव घ्यायचे तर त्या पिकासाठी त्याला लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता, आहे का, ते आधी पाहावे. हे उत्तर वाचणारे कोणी वकील किंवा सनदी लेखापाल असतील तर त्यांनी माझे अनुकरण करू नये, कारण जाहिरात करून काम मिळवण्यावर त्यांच्या व्यवसायांत कडक निर्बंध आहेत.

आपल्या विषयात सुरुवात करायला चुनखडीच्या जमिनीचा एकच प्रश्न पुरेसा आहे. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. शेतकरी त्याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकतो. एकाच शेताचा उपायापूर्वीचा आणि नंतरचा फोटो तारखेसह दाखवा, सोबत परीक्षणाचा अहवाल जोडा, आणि अहवालावरील शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक त्याच्या परवानगीशिवाय उघड करू नका.